पाचशेचा पंखा

आधी हवा मोज, म्हणतात आलोइझी गव्लिक, पाकीट नंतर काढ.
दोन मीटर लांब, दीड रुंद, दोन उंच.
पावाच्या कागदी पिशवीवर आकडे मांडतात
पेन्सिलीचं टोक जिभेला लावून.
सहा घनमीटर. दर मिनिटाला सगळी बदलायची,
म्हणजे तासाला तीनशे साठ.
आणि नळीला दोन कोपर, वर कोळशाची गाळणी,
प्रत्येक वळणावर हवा थोडी थकते, पोरी.
पाचशेचा घे.
मोठ्याला हळू चालवता येतं,
लहान्याला ओरडून काही होत नाही.

बितोममधली ही लाल विटांची इमारत.
खाली तळघर, जिथे पूर्वी कोळसा रचायचे.
भिंतीला हात लावला तर अजून बोट काळं होतं.
तिथे मी दिव्याखाली टोमॅटो लावते, फेब्रुवारीत,
बाहेर आभाळ राखेच्या बादलीसारखं असताना.
गेल्या साली एका रात्रीत चाळीस रोपं
मानेशी बारीक होऊन आडवी झाली,
आणि मातीवर पांढरं लव, बाळाच्या जावळासारखं.
मी वास घेत उभी राहिले. कोंदट, गोडसर.
गव्लिक जिन्यावरूनच म्हणाले,
इथे वारा मेलाय.

एकतीस वर्षं खाणीत त्यांनी वाराच मोजला.
बाकीचे कोळसा वर आणायचे,
हे वाऱ्याचा हिशेब.
कुठल्या बोगद्यात किती शिरला, किती परतला,
मधे कोण गिळून बसलं.

हवेला ढकलू नये, म्हणतात, ओढावं.
खालून थंड येऊ दे, वरून तापलेली ने.
ढकललीस तर फटीफटीतून वास जिन्यात जाईल
आणि दुसऱ्या मजल्यावरची हिल्डेगार्डा खाली येईल,
नुसती नाही, झाडू घेऊन.
तंबूचं कापड किंचित आत ओढलेलं दिसायला हवं,
गाल आत घेतल्यासारखं.

आणि हा धाकटा पंखा, टेबलावरचा,
हवा बाहेर नेण्यासाठी नाही,
फक्त पानं हलवायला.
ज्याला कधी धक्का लागला नाही तो देठ
उंच होतो, जाड होत नाही.
पण सरळ तोंडावर नको. भिंतीकडे वळव.
भिंतीवरून परतून येणारा वारा
जरा समजूतदार असतो.

दुकानात कायेतानने सगळ्यात महागडा दाखवला.
चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही, म्हणाला.
गव्लिकांनी कान लावला,
मग खोका बंद करून परत सरकवला.
ज्याचं थांबणं ऐकू येत नाही
तो पंखा काय कामाचा?
कायेतान हसला. मी हसले नाही,
कारण ते हसत नव्हते.

आम्ही घुमणारा घेतला, एकशे साठ झ्लोटी स्वस्त.
आत येणाऱ्या भोकाशी त्यांनी
आपल्या कबुतराचं एक पीस दोऱ्याने टांगलं.
ते आत झुकलं आणि झुकलेलंच राहिलं.

मार्चमध्ये एका रात्री दार वाजलं.
तीन वाजले होते. पायात सपाता, अंगावर कोट,
श्वास शिट्टीसारखा.
थांबलाय, म्हणाले.

वीज गेली होती, सगळ्या गल्लीची.
मी झोपेत, मला काहीच कळलं नव्हतं.
त्यांच्या पलंगाखाली माझं तळघर,
आणि घुमणं थांबताच ते उठून बसले होते.
मी सांगितलं, दोन तासांनी रोपांचं काही बिघडत नाही.
माहीत आहे, ते म्हणाले,
आणि तरी खाली आले, शेवटच्या पायरीवर बसले,
टॉर्च पिसावर धरून.
पीस सरळ लोंबत होतं.
मी त्यांना चहा विचारला नाही. काहीच विचारलं नाही.

पाचाला दहा कमी असताना घरघर सुरू झाली.
पीस थरथरलं, आत झुकलं.
त्यांनी टॉर्च विझवला, गुडघ्यावर हात टेकून उठले.
पाचशेचाच बरा होता, म्हणाले,
आणि प्रत्येक पायरीवर थांबत
वर गेले.